मावशींचा फोन आला की नेट जातं : तक्रार विभागाला खुलं पत्र

तक्रार विभागातल्या समस्त मंडळींना,
सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितेय कारण बंद तक्रारी लिहून झाल्यात. साडेतीन महिन्यांत सात केल्या आणि सातही तुमच्या दफ्तरी मिटलेल्या आहेत. दरवेळी तोच मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल. एकदा तर हा मेसेज आला तेव्हा नेट बंदच होतं, मोबाइल डेटावर वाचला. त्यातली लिंकही उघडेना, त्यामुळे स्टार राहिले. ते नंतर देते, आधी पत्र वाचा.

घरातली परिस्थिती अशी आहे. मी घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, दुपारी तीन ते सहा. सासूबाईंना कमी ऐकू येतं, मोबाइल त्यांच्या कानाला कधी जमलाच नाही, त्यांना तो जुना जाड रिसिव्हर कानावर घट्ट दाबून धरायला लागतो, म्हणून लँडलाइन ठेवलीय आणि त्याच तांब्याच्या तारेवर आमचं ब्रॉडबँड. आता सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच मावशी, रोज चारच्या सुमाराला फोन करतात. घड्याळ लावावं असा त्यांचा फोन. रिंग वाजते, दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला राउटरवरचा डीएसएलचा, म्हणजे नेटच्या लाइनचा, दिवा लुकलुकायला लागतो, माझ्या स्क्रीनवर मुलांचे चेहरे तोंड उघडं असताना थिजतात, आणि तिकडून सासूबाईंचा आवाज, "अगं मोठ्याने बोल, कोण कागद चुरगळतंय तिकडे?" मावशी म्हणतात कागद तुमच्याकडेच चुरगळतोय. मग दोघी ओरडून ओरडून बोलतात आणि मी समीकरण अर्धवट टाकून राउटरकडे बघत बसते.

हेच मी तुमच्या कॉल सेंटरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जसंच्या तसं. मावशींचा फोन आला की नेट जातं. फोनवरची मुलगी हसली. वाईट हसली नाही, मलाही हसू आलंच, घरात तर तोवर मावशींच्या पायगुणावर विनोद सुरू झाले होते. पण मग ती म्हणाली, मॅडम, फोन आणि नेट वेगवेगळं असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही, आपण राउटर एकदा रीस्टार्ट करून बघूया का. आणि मी केला. त्या दिवसापासून किती वेळा केला ते विचारू नका.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ते विनोदाचं वाक्य म्हणजे अख्खं निदान होतं. लाइनमनला सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं, आणि शेवटी ओळखलंच, पण तो आमच्या दारात यायला साडेतीन महिने लागले कारण तुमच्या फॉर्ममध्ये "नेट बंद" आणि "फोन खराब" अशी दोन वेगळी खाती आहेत आणि "फोन वाजला की नेट बंद" लिहायला जागाच नाही.

मधल्या काळात मी स्वतः जे शिकले ते इथे लिहिते, कारण मला वाटतं तुमच्या पहिल्या फळीतल्या मुलामुलींना ते कुणी शिकवलेलंच नाही, त्यांच्यापुढे जी स्क्रीन आहे ती वाचून दाखवणं एवढंच त्यांच्या हातात असतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

तार एकच असते, म्हणजे दोन तारांची एक जोडी. फोनवरचं बोलणं त्या जोडीवर अगदी खालच्या पट्टीत जातं, ३०० ते ३४०० हर्ट्झ. ब्रॉडबँड त्याच्या वरून जातं, साधारण २६ किलोहर्ट्झच्या पुढे, एडीएसएल, म्हणजे तांब्यावरच्या ब्रॉडबँडचा साधा प्रकार, असेल तर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याच्या पुढचा एडीएसएल टू प्लस असेल तर २.२ पर्यंत. स्प्लिटर नावाची ती छोटी डबी हे दोन मजले वेगळे ठेवते. इथवर तुमची मुलगी बरोबरच होती, मजले वेगळे आहेत. पण जिना एकच आहे ना! जिन्याची पायरी निखळली तर खालचाही पडणार आणि वरचाही.

आणि फोन वाजणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. एरवी त्या जोडीवर एक्सचेंजकडून ४८ व्होल्टचा डीसी असतो, शांत. रिंग येते तेव्हा त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा एसी येतो, सेकंदाला वीस-पंचवीस झोके. रिसिव्हर उचलला की पुन्हा सगळं बदलतं, आता करंट वाहायला लागतो. धडधाकट तारेला याचं काही वाटत नाही. पण वाटेत कुठे जॉइंट गंजलेला असेल, दोन तारा एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतील, तर या प्रत्येक धक्क्याला त्या जॉइंटचा रेझिस्टन्स हलतो. माणसाच्या कानाला ती खरखर वाटते. राउटरमधल्या मॉडेमला मात्र एका क्षणात लाइनच बदलल्यासारखी वाटते, मग तो हात टेकतो आणि पहिल्यापासून जुळवाजुळव सुरू करतो, अर्धा-एक मिनिट. कागद चुरगळल्याचा आवाज आणि लुकलुकणारा दिवा, दुखणं एकच, फक्त कानाला वेगळं कळतं आणि डोळ्याला वेगळं.

अजून एक गंमत. सासूबाईंचं बोलणं लांबलं की पाच-सात मिनिटांनी खरखर आपोआप कमी व्हायची. मला वाटायचं त्यांना सवय झाली असेल. तसं नाही, गंजाचा जो पातळ थर असतो तो वाहत्या करंटने तात्पुरता फुटतो आणि तारा बऱ्यापैकी जुळतात, फोन ठेवला, करंट थांबला, की थोड्या वेळाने ये रे माझ्या मागल्या. म्हणजे गप्पा जितक्या लांब तितकी लाइन बरी. हे मी घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बघ, आणि तू मला फोन आटप म्हणत होतीस.

आता तुमच्या "लाइन टेस्ट" बद्दल. सातपैकी पाच वेळा मला सांगितलं गेलं की इथून टेस्ट केली, लाइन क्लियर आहे. क्लियर असेलही त्या मिनिटाला! तार तुटलीय का, दोन तारा चिकटल्यात का, जमिनीत गळती आहे का, हे ती टेस्ट बघते आणि ते ती चांगलं बघते याबद्दल वाद नाही. पण गंजका जॉइंट यातलं काहीच करत नाही, तो तुटलेलाही नाही आणि धड जोडलेलाही नाही, आणि कोरड्या हवेत, भर उन्हात दुपारी बारा वाजता तो अगदी शहाण्या मुलासारखा वागतो. पाऊस पडून गेला, जॉइंटमध्ये ओल शिरली, की त्याचे रंग बघायचे. मी चौथ्या तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं की पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस त्रास जास्त असतो. तुमचा रिमार्क, "ग्राहकाच्या घरात वायरिंग तपासावे."

ते तपासलं. इथे माझी चूक आधी कबूल करते. आतल्या खोलीत एक जुना पॅरलल फोन होता, कुणी वापरत नव्हतं, त्याला स्प्लिटर लावलेलाच नव्हता. शिवाय माळ्यावरून एक जुनी एक्स्टेन्शनची वायर नुसतीच लोंबत होती, दुसऱ्या टोकाला काही नाही. अशी लोंबती वायर म्हणजे बोळ असतो, सिग्नल आत जातो आणि शेवटच्या भिंतीला आपटून परत येतो, आणि मूळ सिग्नलमध्ये कालवाकालव करतो. दोन्ही काढून टाकलं. फरक पडला, खोटं कशाला बोलू, दिवसाला बारा-पंधरा वेळा जाणारं नेट पाच-सहा वेळा जायला लागलं. म्हणजे थोडं खापर आमच्याही डोक्यावर आहे. पण ते काढल्यावरसुद्धा चारचा फोन आला की दिवा लुकलुकायचाच.

मग मी जे केलं ते तुम्ही प्रत्येक ग्राहकाला पहिल्या फोनवर करायला सांगायला हवं, रीस्टार्टच्या आधी. घरात वायर जिथे पहिल्यांदा येते त्या पॉइंटवरून बाकी सगळं काढलं, राउटर, स्प्लिटर, सगळं, आणि एक साधा वायरचा फोन थेट लावला. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःचीच सळसळ असते. रिसिव्हर उचलला, एक आकडा दाबला, डायल टोन थांबला, आणि नुसतं ऐकत बसले. सुदृढ लाइनवर तिथे शांतता असते, विहिरीत डोकावल्यासारखी. आमच्याकडे आधी बारीक तडतड, मग वाळूवरून कोणी चालतंय असा आवाज, मध्येच एक टक्क. घरातलं काहीही जोडलेलं नसताना! म्हणजे दोष दाराबाहेरचा, संपला प्रश्न. ते मी मोबाइलवर रेकॉर्ड करून तुमच्या ॲपमध्ये टाकायला गेले तर तिथे फक्त फोटो घेतात.

रात्रीचं अजून एक प्रकरण होतं, त्याने मला सगळ्यात जास्त छळलं कारण त्यात मावशी कुठेच नव्हत्या. दिवस मावळला की नेट आपोआप बिघडायचं, कोणाचा फोन नाही, पाऊस नाही. राउटरच्या आतल्या पानावर एक आकडा असतो, एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलचं डोकं किती उरलंय ते. साधारण ६ डेसिबल असलं की लाइन तग धरते. आमचं दुपारी ८-९ असायचं आणि रात्री दहा वाजता २. मी आठवडाभर वहीत लिहून काढलं, गणिताच्या बाईला दुसरं येतं काय. घरात एखादा खराब ॲडॅप्टर गोंगाट करत असेल म्हणून जुना ट्रान्झिस्टर घेऊन, मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन नाही अशा जागी लावून घरभर फिरले. ॲडॅप्टर, एलईडी दिवे, चार्जर, ज्याच्याजवळ रेडिओ गुरगुरतो तो संशयित. एक चार्जर सापडलाही, फेकला. मार्जिन होतं तिथेच.

कारण आकाशात होतं. मीडियम वेव्ह रेडिओ साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे बरोबर आपल्या ब्रॉडबँडच्या पट्टीत. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांपैकी डी थर या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबलांबची स्टेशनं वरच्या थरांवरून परतून खाली येतात, म्हणून तर रात्री ट्रान्झिस्टरवर कुठली कुठली भाषा ऐकू येते. आता तुम्ही म्हणाल मग सगळ्यांचंच नेट रात्री पडायला हवं. सगळ्यांचं मार्जिन थोडं उतरतं, पण पडत नाही, कारण जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच चढतो आणि दोघींतला फरक घेताना वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची, पेटंट १८८१ चं, आणि अजून तिच्यावरच आपलं चाललंय. पण त्यासाठी दोन्ही तारा सारख्या हव्यात. एकीचा जॉइंट गंजला की तराजू कलला, वजाबाकी पूर्ण होत नाही, आणि अख्खी लाइन अँटेना होऊन बसते. म्हणजे रात्रीच्या दुखण्याचं मूळही तेच, चार वाजताच्या दुखण्याचंही तेच. एक जॉइंट.

आणि याच्यावर तुम्ही केलेला इलाज काय, तर सहाव्या तक्रारीला स्पीड कमी करून दिला. विचारलं नाही, सांगितलं नाही, सकाळी बघते तर निम्मा. चौकशी केली तर उत्तर मिळालं की लाइन वारंवार पडते हे बघून सिस्टिमनेच सावध होऊन ते केलं. ती सिस्टिम मला कळते, लाइन सारखी पडली तर स्पीड उतरवून मार्जिन वाढवायचं, हेतू चांगला आहे. पण तीच सिस्टिम माझे रीस्टार्टही लाइन पडल्यासारखेच मोजते असं दुसऱ्या एकाने सांगितलं, आणि रीस्टार्ट करायला सांगत होतं कोण? तुम्हीच! आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते यालाच. स्पीड निम्मा होऊनही मावशींचा फोन आला की नेट जातच होतं, आता फक्त ते आधीपेक्षा हळू होऊन जात होतं.

सातव्या तक्रारीनंतर लाइनमन आले. त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. पन्नाशीपुढचे गृहस्थ, खांद्याला ती नारिंगी टेस्ट फोनची पिशवी. तुमच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, त्यांना फक्त "नेट स्लो" एवढंच लिहून आलं होतं. मी सवयीने म्हटलं, काका, मावशींचा फोन आला की नेट जातं. ते हसले नाहीत. म्हणाले, आणि बोलत राहिलं की आवाज कमी होतो? मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. म्हणाले, हे घरात नाहीच, चला.

गल्लीच्या तोंडाशी जो जॉइंटचा डबा आहे त्याला झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी कोणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली होती, ती उन्हाने कुरकुरीत होऊन फाटलेली. आतला जॉइंट त्यांनी बोटाने उलगडून मला दाखवला. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर चिकटपट्टी, आणि पट्टी काढल्यावर एक तार तांब्यासारखी आणि दुसरीवर हिरवट निळा थर, पावडरसारखा. त्यांनी नखाने हलकेच खरवडलं तर तार तिथल्या तिथे तुटून हातात आली. साडेतीन महिने, सात तक्रारी, राउटर दोनदा बदलला, आणि प्रश्न नखाएवढा. त्यांनी दोन्ही टोकं मागे कापून चकचकीत तांबं काढलं, जेल भरलेल्या बारीक कनेक्टरमध्ये घालून पकडीने दाबलं, कट्ट. वीस मिनिटं, त्यातली दहा शिडी आणण्यात गेली.

घरी येऊन राउटर बघितला, मार्जिन ११. रिसिव्हर उचलून एक आकडा दाबला, विहीर.

तुम्हाला बक्षिसी मागत नाही आणि भरपाईसाठीही हे लिहीत नाही. फोन खराब आणि नेट खराब ही दोन खाती एकाच तिकिटावर येऊ द्या, म्हणजे फोनवाले म्हणतात नेटवाल्यांना विचारा आणि नेटवाले म्हणतात लाइन फोनवाल्यांची, ही टोलवाटोलवी थांबेल. ग्राहकाला राउटर रीस्टार्ट करायला लावण्याआधी एक मिनिट रिसिव्हर कानाला लावायला सांगा आणि काय ऐकू आलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, वाळू, कागद, टक्क, काहीही, लाइनमनला ते वाचून कळतं, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तक्रार मिटली असं ग्राहकाने म्हटल्याशिवाय मिटवू नका, आणि पावसाच्या तक्रारीची टेस्ट उन्हात करून ती क्लियर म्हणू नका. हे करायला यंत्रं लागत नाहीत.

हो, आणि फायबर घ्या हे उत्तर नको. मला माहितीय काचेला गंज चढत नाही, प्रकाशात रेडिओची स्टेशनं घुसत नाहीत, ज्याच्या दारात आलंय त्याने जरूर घ्यावं. आमच्या गल्लीत ते आलेलं नाही, कधी येणार ते तुमचे लोकही सांगत नाहीत. शिवाय तांब्याच्या तारेवरचा साधा फोन घरची वीज गेली तरी चालतो, कारण त्याची वीज एक्सचेंजकडून त्याच तारेने येते. फायबरच्या डबीला घरचीच वीज लागते, बॅटरी नसेल तर अंधारात फोनही मुका. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर हा फरक केवढा मोठा असतो ते मी सांगायला नको. तोवर ज्यांच्या घरी तांबं आहे त्यांचं तांबं तरी घासूनपुसून ठेवा.

जाता जाता एक राहिलं. लाइनमन काकांनी निघताना त्या डब्याच्या बाकीच्या जोड्याही दाखवल्या. आमच्यासारखेच पिळलेले, आमच्यासारखेच हिरवट, वीस-बावीस घरांचे असतील. ते म्हणाले, अख्खा डबा बदलायला पाहिजे, मी रिमार्कमध्ये लिहितो, आधीही दोनदा लिहिलंय. मग खिशातून नवी प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी डब्याला नीट, दोन वेढे देऊन बांधली.

त्यांचा तो तिसरा रिमार्क तुमच्या स्क्रीनवर कुठेतरी असेल, माझ्या मिटलेल्या सातव्या तक्रारीच्या खाली. तो उघडून वाचा. आज तेरावा दिवस, चार वाजून दहा मिनिटं झालीत, मावशींचा फोन चालू आहे, माझा वर्ग चालू आहे आणि दिवा स्थिर आहे. बाहेर भरून आलंय. पिशवी टिकेल तोवर टिकेल.

आपली,
सात तिकिटं मिटलेली एक ग्राहक